हिरव्या पाण्याची छायाचित्रं

मालवणात मी ज्या खाणावळीत जेवतो, तिच्या भिंतीवर फ्लेक्सवर छापलेलं एक मोठं छायाचित्र आहे. तोंडावर मास्क चढवलेला एक पर्यटक, दोन्ही हातांचे अंगठे वर, भोवती काळ्या पट्ट्यांच्या, पिवळसर पाठीच्या माशांचा घोळका आणि मागे निळं पाणी. पोहण्याच्या तलावाच्या फरश्या असतात तसं निळं. किल्ल्याजवळच्या ज्या खडकावर हे छायाचित्र टिपलं आहे, तो खडक मी ओळखतो. तिथं मी जानेवारीत उतरलो आहे, एप्रिलमध्येही उतरलो आहे, आणि तिथलं पाणी एकदाही निळं पाहिलेलं नाही. ते हिरवं असतं. चांगल्या दिवशी केळीच्या कोवळ्या पानासारखं, वाईट दिवशी मुगाच्या कढणासारखं.

एकदा जेवण झाल्यावर मालकांना विचारलं, हा फोटो इथलाच का? ते म्हणाले, "इथलोच. माझ्या भाच्यान काढलेलो. पण हिरवो होतो. हिरवो ठेवलो तर लोक म्हणतले, पाणी घाण आसा."

मालकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. लोक खरंच तसं म्हणतील. पण लोकांना तसं का वाटतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. निळं पाणी स्वच्छ आणि हिरवं पाणी घाण, हा समज आपल्यात कुठून आला? पाण्याखालच्या छायाचित्रांनी त्याला किती हातभार लावला? खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा कोणाच्याही हाती आल्यावर त्यात काही बदल झाला का? आणि अशी छायाचित्रं चांगली की वाईट हे ठरवायचं, तर कशावरून? या लेखात मी या प्रश्नांचा पाठपुरावा करणार आहे. मी समुद्रशास्त्रज्ञ नाही आणि व्यावसायिक छायाचित्रकारही नाही. जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा, त्याची पारदर्शक प्लास्टिकची जलरोधक पेटी आणि मिळेल ते वाचण्याची सवय, एवढंच माझं साहित्य आहे.

आधी पाण्याकडे पाहू.

पाणी रंग खातं, पण सगळे रंग सारख्या भुकेनं खात नाही. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच बहुतेक संपतो. त्यामागून नारिंगी जातो, मग पिवळा. इथं एक गोष्ट नवशिक्याच्या लक्षात येत नाही. हा हिशेब नुसत्या खोलीचा नसून प्रकाशानं पाण्यातून कापलेल्या एकूण अंतराचा आहे. मासा चार मीटर खोल असेल आणि मी त्याच्यापासून तीन मीटर दूर असेन, तर प्रकाश चार मीटर खाली आला आणि तीन मीटर आडवा माझ्याकडे आला. म्हणजे माझ्या भिंगापर्यंत पोचलेला रंग सात मीटर पाण्यातून गाळून आलेला असतो.

तांबडा गेल्यावर उरतं काय, हे मात्र पाण्यात काय मिसळलं आहे त्यावर ठरतं. खुल्या समुद्राच्या निवळ पाण्यात निळा उरतो. चंद्रशेखर व्यंकट रामन १९२१ साली बोटीनं इंग्लंडहून परतत होते. तेव्हा भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी डेकवरून एका साध्या प्रिझममधून न्याहाळली. ही निळाई म्हणजे केवळ आकाशाचं प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवलं. त्याविषयीचं टिपण त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं ते बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा. मला यात एक गंमत दिसते. समुद्राच्या निळ्या रंगाचा उलगडा ज्या बंदरातून जगाला कळवला गेला, त्या बंदराचं पाणी काही निळं नाही.

किनाऱ्याजवळच्या पाण्यात वनस्पती-प्लवक असतात. उघड्या डोळ्यांना एकेकटे न दिसणारे हे जीव आपल्या हरितद्रव्यानं निळा आणि तांबडा प्रकाश शोषतात. नद्या आणि खाड्या कुजलेल्या पानांचा पिवळसर अर्क आणून सोडतात, तोही निळा प्रकाश खातो. दोन्ही टोकं गेल्यावर मधला हिरवा उरतो. स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ निल्स येर्लोव्ह यांनी समुद्राच्या पाण्याचं प्रकाशाच्या अंगानं वर्गीकरण केलं, तेव्हा खुल्या समुद्राचे प्रकार आणि किनारी पाण्याचे प्रकार वेगळे ठेवले. मालवणच्या दोन अंगांना गड आणि कर्ली या नद्या समुद्राला मिळतात. पावसाळ्यात खालचं पोषक पाणी वर येतं. प्लवक वाढतात, त्यांवर बारीक जीव जगतात, त्यांवर तारली आणि बांगडे, त्यांवर सुरमई. मालवणच्या बाजारातल्या टोपल्या भरतात त्या या हिरव्या पाण्यातून.

उलट जे पाणी फार निळं आणि फार पारदर्शक असतं, त्यात अन्न कमी असतं. उष्ण कटिबंधातली प्रवाळबेटं अशा उपाशी पाण्यातही इतकी गजबजलेली कशी, याचं कोडं डार्विनच्या नावानं ओळखलं जातं. म्हणजे निळा हा समुद्राच्या आरोग्याचा रंग, असं सरसकट म्हणता येत नाही. तो एका विशिष्ट जातीच्या समुद्राचा रंग आहे.

मग हाच रंग सगळ्या समुद्रांचा आदर्श कसा झाला? याचं उत्तर मला पाण्याखालच्या छायाचित्रणाच्या इतिहासात सापडतं.

या कलेची सुरुवात निळ्या पाण्यात झाली नव्हती. १८५६ साली विल्यम थॉम्पसन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथजवळ एका पेटीत कॅमेरा घालून तो पाण्यात सोडला. जे मिळालं ते अंधुक होतं आणि त्याची परंपरा झाली नाही. परंपरा सुरू झाली ती १८९३ नंतर, लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञापासून. त्यांनी भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स-सुर-मेर इथल्या प्रयोगशाळेत भावाच्या मदतीनं जलरोधक कॅमेरा बनवला आणि पाण्याखाली प्रकाश नेण्यासाठी मॅग्नेशियम जाळून पाहिलं. पुढे १९२६ साली मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि 'नॅशनल जिऑग्राफिक'चे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रं घेतली. त्यांची रंगीत काच बटाट्याच्या रंगवलेल्या पिष्टकणांवर चालणारी होती आणि तिला भरमसाट प्रकाश लागे. म्हणून त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोट घडवला आणि समुद्र क्षणभर उजळवला. १९२७ च्या जानेवारी अंकात ती छायाचित्रं आली. त्यातला हॉगफिश प्रसिद्ध आहे. एका बाजूनं दिसणारा शांत मासा, भोवती डोलणारी पंख्यासारखी पोवळी, आणि सगळ्यावर एक फिकट, पावडरी रंग. मला हे छायाचित्र आवडतं, कारण त्यात पाणी अजून आहे. मासा पाण्यातून दिसतो आहे हे कळतं.

पुढची पिढी ऑस्ट्रियाच्या हान्स हास यांची आणि फ्रान्सच्या झाक-इव्ह कूस्तो यांची. त्यांचे समुद्र म्हणजे भूमध्य आणि तांबडा. कूस्तो आणि लुई माल यांच्या १९५६ च्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच्या आरंभी पाणबुडे पेटत्या मशाली घेऊन खाली उतरतात. याच नावाच्या आधीच्या पुस्तकात कूस्तोंनी एक अनुभव सांगितला आहे. खोल पाण्यात त्यांच्या साथीदारानं भाल्यानं मासा टिपला, तेव्हा त्याचं रक्त हिरवं दिसलं. वर येता येता ते तांबडं होत गेलं.

हिरवं रक्त पाहिल्यावर माणसाला वाटतं, डोळे फसताहेत, खरा रंग लपला आहे, तो बाहेर काढला पाहिजे. त्यासाठी दिवा हवा. पाण्याखालच्या रंगीत छायाचित्रणाचा पुढचा सगळा प्रवास या एका इच्छेवर चालला. पाण्यानं काढून घेतलेला तांबडा परत मिळवायचा. ही इच्छा निवळ निळ्या पाण्यात छान पुरी होते. मागे निळी पोकळी, पुढे दिव्यानं उजळलेलं तांबडं पोवळं. ही दोन रंगांची जुळणी इतकी डोळ्यांत भरणारी आहे की तीच या प्रकाराची व्याख्या होऊन बसली. मासिकांची मुखपृष्ठं, स्पर्धांची पारितोषिकं, पर्यटनाची भित्तिपत्रकं, सगळीकडे तीच. ती ज्या चार-दोन समुद्रांतून आली त्यांची नावं गळून पडली आणि समुद्र म्हटला की असाच, हे उरलं.

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आला तो या तयार व्याख्येत.

त्यानं काय दिलं हे आधी मान्य केलं पाहिजे. त्यापूर्वी हौशी पाणबुड्यांचा कॅमेरा म्हणजे १९६३ साली निकॉननं आणलेला निकोनॉस. कूस्तोंच्या वर्तुळातल्या झाँ द वाउटर्स यांच्या कॅलिप्सो कॅमेऱ्याचा तो वंशज. त्यात फिल्म ३६ चित्रांची. ती संपली की वर यायचं, धुलाई होईपर्यंत काय मिळालं ते कळायचं नाही, अंतर अंदाजानं लावायचं. डिजिटल कॉम्पॅक्टच्या मागे पडदा आला. चूक तिथल्या तिथे, पाण्यातच दिसू लागली. चाळीस मीटरपर्यंत टिकणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या मिळू लागल्या. पुढे ऑलिम्पस टफसारखे कॅमेरे पेटीशिवायच पंधरा मीटर जाऊ लागले. २००९ च्या कॅनन एस-९० सारख्या खिशातल्या कॅमेऱ्यांत रॉ फाइल, म्हणजे संवेदकानं टिपलेली बहुतांशी कच्ची नोंद, ठेवण्याची सोय मिळाली. मालवणातल्या खाणावळवाल्याचा भाचा पाण्याखाली छायाचित्र काढू शकतो, हे या कॅमेऱ्यामुळे घडलं.

पण या कॅमेऱ्याची शरीररचना त्याला एका दिशेला ढकलते. त्याचा फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो. पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण तो समोरून उजळतो आणि छायाचित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो. निवळ पाण्यात हा सडा विरळ असतो. प्लवकांनी भरलेल्या मालवणच्या पाण्यात पाऊस पडावा तसा दिसतो. दुसरी अडचण पेटीच्या सपाट काचेची. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, वस्तू सुमारे एक तृतीयांशानं मोठी दिसते, म्हणजेच भिंगाची नजर अरुंद होते. हवेत जे भिंग खोलीभर पाहतं ते पाण्यात दारातून पाहिल्यासारखं पाहतं. पूर्ण खडक चौकटीत घ्यायचा तर मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकलं की मध्ये आणखी पाणी येतं.

म्हणून प्रत्येक शिक्षक एकच उपदेश करतो. जवळ जा. मग आणखी जवळ जा. उपदेश बरोबर आहे. जवळ जाण्यात कॉम्पॅक्ट तरबेज आहे. त्याचं भिंग वस्तूपासून काही सेंटिमीटरांवर नेमकं बसतं आणि लहान संवेदकामुळे खोलवर स्पष्टता मिळते. समुद्री गोगलगाय, खेकड्याचा डोळा, पोवळ्याची एकेक कळी हे कॉम्पॅक्टवाल्यांनी महागड्या कॅमेऱ्यांच्या तोडीनं टिपलं आहे. माझ्याजवळची जी दोन-चार छायाचित्रं लोकांना आवडतात तीही अशीच आहेत. पण ती एकत्र मांडून पाहिली तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यांतलं एकही कुठं काढलं ते चित्रावरून सांगता येत नाही. काळी पार्श्वभूमी, मध्ये रंगीत जीव. मालवण असेल, लक्षद्वीप असेल, घरातलं मत्स्यालयही असेल. जवळ जाणं म्हणजे पाणी वजा करणं, आणि पाण्याबरोबर ठिकाणही वजा होतं.

जवळ जायचं नसेल तर दुसरा मार्ग रंगाच्या तोलाचा, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये माशाचं चिन्ह असलेला एक 'पाण्याखालचा' पर्याय असतो. तो निळ्या पाण्याचा अंदाज धरून चित्रात तांबडा वाढवतो. हिरव्यात तांबडा वाढवला की काय होतं हे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत सगळ्यांनी पाहिलं आहे. चित्र मळकट पिवळं-तपकिरी होतं. हिरवा मारायचा तर राणी रंगाचा फिल्टर लागतो. म्हणजे यंत्रानंच गृहीत धरलं आहे की पाण्याखालचं म्हणजे निळं. आमचं पाणी त्याच्या यादीत नाही. मग भाचा संगणकावर बसतो, हिरवा काढतो, निळा ओततो, आणि मालवण मालदीव होतं.

निळं पाणी परकं आणि हिरवं आपलं, असंही मला म्हणायचं नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावानं ओळखलं जाणारं बुडालेलं पठार आहे, आंग्रिया बँक. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, आणि तिथलं पाणी निवळ निळं असतं. तिथलं निळं छायाचित्र खोटं नाही. उलट आंग्रियाचा निळा आणि मालवणचा हिरवा शेजारी ठेवले, तर किनाऱ्यापासून समुद्र कसा बदलत जातो ते एका नजरेत कळेल. मालवणचं चित्र निळं केल्यावर नेमका हाच फरक पुसला जातो.

इथवर येऊन मी बरीच वर्षं थांबलो होतो. माझं मत ठाम झालं होतं. फ्लॅश नको, फिल्टर नको, संगणकावर हात लावणं नको. डोळ्याला दिसतं तसं हिरवं ठेवायचं. तांबोशीचं उदाहरण मी मित्रांना नेहमी देत असे. तांबोशी हे नावच तिच्या तांबूस रंगावरून आलं आहे. पण तो रंग होडीवरचा आहे, बाजारातला आहे. दहा मीटर खोल, दिव्याशिवाय, ती करडी-शेवाळी दिसते आणि खडकाच्या सावलीत विरून जाते. फ्लॅश मारून तिला तांबडी केली, तर ज्या रंगात ती एरवी तिथं दिसतच नाही त्या रंगात आपण तिला दाखवतो. मी म्हणे, नाव हवेतलं आहे, चित्र पाण्यातलं असू दे.

या ठामपणाला धक्का दिला एका प्रश्नानं. एकाच खडकावरच्या एका पॉराइटीस जातीच्या पोवळ्याची छायाचित्रं मी लागोपाठ तीन हंगाम घेतली होती. मालवणच्या किनाऱ्यावर पॉराइटीस, टर्बिनारिया अशी पोवळी आहेत. गढूळ पाण्यात तग धरणारी ही चिवट जात. एका लहानशा बैठकीत मी ती छायाचित्रं दाखवली. तिसऱ्या हंगामातलं पोवळं आधीच्यापेक्षा फिकं दिसत होतं. सागरी जीवशास्त्राच्या एक तरुण अभ्यासक तिथं होत्या. त्यांनी विचारलं, "सर, पोवळं फिकं पडलंय की फोटो?"

मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न किती नेमका होता ते सांगितलं पाहिजे. पोवळ्याचा रंग मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. पाणी नेहमीपेक्षा तापलं की पोवळं हे शैवाल गमावतं, त्याचं पारदर्शक शरीर उरतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. ते फार काळ टिकलं तर पोवळं मरतं. मालवणच्या पोवळ्यांतही विरंजनाच्या नोंदी शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. १९८७ साली अभयारण्य जाहीर झालेल्या या समुद्रात आज काय घडतं आहे, याचा पुरावा म्हणून हौशी माणसांची छायाचित्रं उपयोगी पडू शकतात. शास्त्रज्ञ वर्षातून मोजके दिवस येतात, छोटे कॅमेरे हंगामभर पाण्यात असतात. पण माझी तीन छायाचित्रं पुरावा म्हणून कुचकामी होती. पहिल्या वर्षी ढगाळ दिवस, दुसऱ्या वर्षी दुपारचं ऊन, तिसऱ्या वर्षी थोडं जवळून घेतलेलं. रंगाचा तोल दर वेळी कॅमेऱ्यानं आपल्या मनानं ठरवलेला. रॉ फाइल ठेवली नव्हती, कारण मला 'काही करायचंच नव्हतं'.

मी काही केलं नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी यंत्रानं केलं होतं. चित्राला हात न लावल्यानं ते खरं होतं, हा माझा समज भाबडा निघाला. डोळा आणि मेंदूसुद्धा पाण्याखाली काही मिनिटांत हिरव्याला सरावतात आणि पांढरी पाटी पांढरीच आहे असं सांगू लागतात. मग 'डोळ्याला दिसतं तसं' म्हणजे नक्की कितव्या मिनिटाला दिसतं तसं?

त्यानंतर मी डेर्या अक्कायनाक आणि ताली त्रैबित्झ यांचं २०१९ चं 'सी-थ्रू' हे काम वाचलं. गणित मला पुरतं झेपलं नाही, पण मुद्दा समजला. धुक्यातल्या चित्रांसाठी बनवलेलं सूत्र लोक पाण्यालाही लावत होते. या दोघींनी दाखवलं की ते पाण्यात बसत नाही. वस्तूवरून येणारा प्रकाश आणि मधल्या पाण्यातून विखुरून येणारा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात घटतात, आणि ते प्रमाण अंतराबरोबर बदलतं. त्यांची पद्धत एकाच दृश्याची अनेक छायाचित्रं घेऊन प्रत्येक बिंदू किती दूर आहे ते काढते आणि मग मधल्या पाण्याचा परिणाम वजा करते. निकाल थक्क करणारा असतो. पोवळी जणू अंगणात ठेवली आहेत. पाहताना मला समुद्र उपसून टाकल्यासारखं वाटलं आणि किंचित उदासही वाटलं. पण पोवळी मोजणाऱ्याला, त्यांचा रंग वर्षानुवर्षं ताडून पाहणाऱ्याला हीच वजाबाकी हवी आहे.

मग खाणावळीतल्या फ्लेक्समध्ये आणि या वजाबाकीत फरक काय? दोन्हीकडे हिरवा काढलाच आहे. मला फरक दिसतो तो हिशेबाचा. सी-थ्रूमध्ये किती पाणी, कुठल्या अंतरासाठी, कुठल्या आधारावर वजा केलं ते सांगता येतं. दुसरा माणूस तीच वजाबाकी करून तिथंच पोचू शकतो. फ्लेक्सवर हिरवा किती काढला ते भाच्यालाही आठवत नसेल. आणि तिथं नुसती वजाबाकी नाही, परक्या समुद्राची बेरीजही आहे.

यावरून पाण्याखालच्या छायाचित्राकडे पाहताना मी आता तीन गोष्टी विचारतो. पहिली, मध्ये किती पाणी आहे. दुसरी, प्रकाश कोणाचा आहे, सूर्याचा की कॅमेऱ्याचा. तिसरी, नंतर काय काढलं आणि काय घातलं. याची उत्तरं चित्राखालच्या एका ओळीत मावतात. "सहा मीटर खोल, हातभर अंतर, फ्लॅश, रंग पाटीवरून जुळवलेला." एवढं लिहिलं की तांबडी तांबोशीही मला चालते, करडीही चालते. पहिली तिच्या शरीराविषयी सांगते, दुसरी तिच्या राहण्याविषयी. आपल्या छायाचित्रस्पर्धा आणि प्रदर्शनं छिद्राचा आकार आणि शटरचा वेग छापतात. पाण्याखालच्या चित्राखाली मात्र या आकड्यांपेक्षा अंतर आणि प्रकाश यांची ती ओळ अधिक मोलाची आहे.

चौथा प्रश्न चौकटीबाहेरचा आहे, पण फ्लेक्सपाशी परत गेल्यावर तो टाळता येत नाही. ते मासे तिथं का आले? मी एका बोटीवर पाहिलं आहे, पर्यटक उतरण्याआधी पाण्यात बिस्किटं कुस्करली जातात. पट्ट्यांचे मासे शिकले आहेत, ते बुडबुड्यांच्या आवाजानंच धावतात. कूस्तोंच्या त्या गाजलेल्या चित्रपटात मासे मोजण्यासाठी सुरुंग लावल्याचा प्रसंग आहे. आज तो पाहवत नाही. बिस्किट सुरुंगाइतकं क्रूर नाही, पण चित्रासाठी समुद्राला वागायला लावणं दोन्हीत आहे. हा दोष त्या एका बोटीचा मानून सुटता येणार नाही. पर्यटकाला निळं पाणी आणि माशांचा घोळका हवा असतो, कारण त्यानं आजवर तेच पाहिलं आहे. त्याला दुसरं काही दाखवणं हे आम्हा कॅमेरेवाल्यांचं काम होतं.

आता मी पाण्यात जाताना कॅमेऱ्याला दोरीनं एक करडी प्लास्टिकची पाटी बांधतो. पोवळ्याची रंगपट्टीही नेतो. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या कोरलवॉच प्रकल्पानं २००२ पासून प्रसारात आणलेली ही पट्टी पोवळ्याशेजारी धरून छटा वाचायची असते. पट्टीवरही तेच पाणी आणि तोच प्रकाश पडतो, त्यामुळे तुलना पाण्यातल्या पाण्यात होते. त्या खडकावर प्रत्येक वेळी मी दोन छायाचित्रं घेतो. एक जवळून, पाटी आणि पट्टीसह, रॉ फाइलमध्ये. हे दिसायला कंटाळवाणं असतं. दुसरं मागे सरकून, फ्लॅश बंद करून.

मागच्या हंगामातलं असं दुसरं छायाचित्र मी खाणावळीच्या मालकांना छापून दिलं. त्यात खालच्या कोपऱ्यात खडकाचा काळसर उतार आहे. वर पृष्ठभागाजवळ पिवळसर उजेड आहे आणि मधला सगळा भाग हिरवा आहे, कडेकडेला दाट होत गेलेला. पहिल्यांदा पाहताना तो रिकामा वाटतो. थोडा वेळ पाहिलं की उजवीकडे बारीक, तिरप्या रेघा दिसू लागतात. तारल्यांचा थवा आहे. अर्धा दिसतो, अर्धा पाण्यात मुरलेला आहे. खाली मी लिहिलं आहे: "सात मीटर खोल, फेब्रुवारी, सकाळी दहा, फ्लॅश नाही, रंग पाटीवरून एकदा ताडून नंतर पाण्याचा हिरवा तसाच ठेवला."

मालकांनी ते बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाले, "हां, ह्या आमचा पाणी." फ्लेक्स त्यांनी काढलेला नाही. माझं चित्र गल्ल्याच्या मागे, कॅलेंडरशेजारी लावलं आहे.